पानं उलटायचं काम

६ ऑगस्ट, रविवार

दोन पानं एकदम उलटली! इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. सकाळी जॅमची बरणी उघडताना बोट चिकट झालं होतं. धुतलं होतं तसं, पण चिकटपणा राहिलाच असणार. चर्चमध्ये कम्युनियनचं गीत चालू होतं, वन्सं ऑर्गनवर. वन्संनी मान हलवली, मी पान उलटलं, आणि बघते तर समोर मयताच्या मिस्साचं, म्हणजे अंत्यप्रार्थनेचं, गीत!

पान मागे घ्यायचं तर वन्संच्या तोंडासमोरून हात न्यावा लागतो, म्हणून तशीच थिजून उभी राहिले. पण त्या वाजवतच राहिल्या. बरोबर गीत, बरोबर कडवं. खाली लोक रांगेने पुढे सरकत होते, कुणाला काही पत्ता नाही. जिथे पुढचं पान उलटायला हवं तिथे वन्संनी पुन्हा मान हलवली. मी काय करणार — मयताच्या गीताचं पुढचं पान उलटलं!

पाठ असेल म्हणा. गीत जुनंच आहे. पण डोळ्यांसमोर भलतंच पान आलं की माणूस निदान दचकतं. त्या दचकल्याही नाहीत.

यांना काही सांगितलं नाही. वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण, पण चर्चच्या मागच्या माळ्यावर, कॉयरच्या जागी, गेलं की त्या आधी ऑर्गनवाल्या आणि मग माझी नणंद. माळ्यावरचं खाली न्यायचं नाही, असं आमच्या कॉयरमध्ये आहे.

लिहिता लिहिता आठवलं — हे काम माझ्याकडे आलं तेही एका पुस्तकामुळेच. गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. बोलण्यापुरता राहिला, गाण्याचा गेला. आल्टोमधली, बायकांच्या खालच्या पट्टीतली, माझी जागा मी सोडली आणि खाली यांच्या शेजारी खांबाजवळ बसायला लागले. गीत सुरू झालं की ओठसुद्धा हलवायची नाही. एका रविवारी, मिस्सा सुरू व्हायच्या आधी, हे म्हणाले, "जरा खांबाकडे सरक, तिकडे ऊन येतंय." सरकले, तोच वरून ऑर्गनचं जाडजूड पुस्तक धप्पकन माझ्या शेजारी बाकावर! वन्संचं कोपर लागलं असणार. ते द्यायला मी जिना चढून वर गेले. वन्सं म्हणाल्या, "आता आलीच आहेस तर थांब. माझी पानं उलट. एकटीला नाही गं जमत हल्ली."

ती जी थांबले, ती थांबलेच आहे.

७ ऑगस्ट, सोमवार

वन्संकडे गेले होते. चर्चच्या मागच्या गल्लीत त्यांच्या दोन खोल्या. चहा त्यांनीच केला. ओतताना बोटाचं टोक कपाच्या आत धरलं होतं. चहा बोटाला लागला तशा थांबल्या. भाजलं असणार, पण चेहरा जसाच्या तसा.

मी पाहिलं.

१० ऑगस्ट, गुरुवार

प्रॅक्टिस. नवे मास्तर आज नव्या मिस्साच्या — प्रार्थनेतल्या सगळ्या गीतांच्या नव्या चालींच्या — झेरॉक्स घेऊन आले. चर्चची पंचाहत्तरी १ ऑक्टोबरला, बिशप येणार, म्हणून सगळं नवं हवं! मास्तर शाळेत संगीत शिकवतात, माझ्या भाच्याच्या वयाचे आहेत. माणूस वाईट नाही, पण सतत कुठलीतरी गाडी चुकणार असल्यासारखा बोलतो.

झेरॉक्स इतक्या बारीक की मलाच चष्मा पुढे-मागे करावा लागला. वन्संनी गठ्ठा घेतला, स्टँडवर ठेवला आणि म्हणाल्या, "घरी बसवते."

"आत्ता एकदा नजर टाकून वाजवता का, ताई? अंदाज येईल."

"घरी बसवते म्हटलं ना."

मास्तर जरा चपापले. मग हळूच म्हणाले, "तसं टेन्शन घेऊ नका. कीबोर्डवर मी सगळं भरून ठेवलंय. एक बटण दाबलं की झालं."

आमची बेकरीवाली — वरच्या पट्टीच्या सोप्रानोमधली, आवाज सायरनसारखा — लगेच म्हणाली, "बटण माझ्या ओव्हनलाही आहे हो मास्तर. तरी पहाटे उठून कणीक मलाच मळावी लागते."

सगळे हसले. वन्संही हसल्या, पण फादर हसले नाहीत. नवे फादर सभ्य आहेत, फार सभ्य. म्हणाले, "आपण १४ सप्टेंबरला पूर्ण मिस्सा ऑर्गनवर ऐकू. छान झालं तर प्रश्नच नाही. नाहीतर कीबोर्ड घेऊ, आणि मग कायमचा कीबोर्डच ठेवू. ऑर्गनच्या भात्याला दरवर्षी ठिगळं लावण्यात तसा अर्थ नाही."

म्हणजे ऑर्गन जाणार, आणि ऑर्गन गेला की वन्संही गेल्याच. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या नोकरीतून रिटायर झाल्या, लग्न केलं नाही, आईबाबा गेले. आता आठवडाभर त्या रविवारचीच वाट बघतात. कुणाला सांगत नाहीत, पण शनिवारी संध्याकाळी बुटांना पॉलिश करतात. पायांनी भाता मारायचा ऑर्गन आहे ना, बूट चांगले हवेत!

१३ ऑगस्ट, रविवार

मुद्दाम केलं. वन्संनी मान हलवली आणि मी पान उलटलंच नाही.

त्यांनी वाजवणं तसंच चालू ठेवलं. पुढच्या वेळी मान हलवली, तेव्हाही नाही उलटलं. शेवटी "आमेन" झालं तेव्हा पुस्तक पहिल्या पानावरच उघडं होतं आणि वन्सं मला म्हणाल्या, "छान उलटलीस आज. अगदी वेळेवर."

मला इतकी लाज वाटली! जिना उतरताना त्यांचा हात धरला. एरवी धरू देत नाहीत. आज धरू दिला.

माळ्यावरून आम्हाला कुणाची तोंडं दिसत नाहीत. सगळी पॅरिश आम्ही टाळूवरून ओळखतो — कुणाचा भांग, कुणाचं टक्कल, कुणाची पिन निसटलेली. यांचं टक्कल खांबाजवळ, मागून तिसऱ्या रांगेत. आज त्याच्याकडे बघत उभी होते आणि मनात म्हणत होते, अहो, तुमच्या बहिणीला दिसत नाहीये. तुम्ही दिवसभर डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं दुरुस्त करता, आणि हे तुमच्या लक्षात नाही आलं?

माझ्या तरी कुठे आलं! दर रविवारी शेजारी उभी असून.

१४ ऑगस्ट, सोमवार

दुपारी वन्संकडे गेले. मास्तरांच्या झेरॉक्स त्यांच्या पेटीवर होत्या. वरचं पान शेवटचं होतं, आणि तेही उलटं.

काय बोलायचं ते वाटेतच ठरवलं होतं. म्हटलं, "वन्सं, माझं नोटेशन वाचणं गंजलंय. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी शिकवलेलं सगळं विसरायला लागलेय. मी तुमच्यासमोर डो-रे-मीमध्ये वाचते, तुम्ही पेटीवर वाजवून बघा. चुकलं तर ओरडा."

त्या पेटीच्या झाकणावरची धूळ बोटाने पुसत बसल्या. धूळ नव्हतीच.

मग म्हणाल्या, "वाच. पण गाऊन वाच. नुसतं बोललीस तर लय कशी कळायची?"

"माझा आवाज आहे का आता?"

"मला तुझा आवाज कुठे हवाय? मला स्वर हवेत."

गायले. म्हणजे जे काही आलं ते. दाराची बिजागरी करकरावी तसं. पहिल्या ओळीतच तीनदा खोकले. वन्संनी ओळ संपली तशी उजव्या हाताने ती जशीच्या तशी वाजवली आणि म्हणाल्या, "पुढे."

१७ ऑगस्ट, गुरुवार

कॉन्व्हेंटच्या संगीताच्या सिस्टर डोळ्यांसमोर आल्या. उंच, काठीसारख्या सरळ, आणि हात मात्र कणकेसारखे मऊ. आम्हाला जोडीजोडीने व्हरांड्यात चालवायच्या आणि पावलागणिक स्वर वाचायला लावायच्या. डो म्हणजे मूठ छातीपाशी, सो म्हणजे हात आडवा. पेटीवर बोट ठेवायची परवानगी नव्हती. आधी गळ्यात, मग बोटात! डो कुठेही बसवा, म्हणायच्या, बाकीचे त्याच्या मागोमाग आपापल्या जागी बसतात. तेव्हा वाटायचं, ह्याचा उपयोग काय. घरी पेटी नाही, गळा बेताचा. आई म्हणायची, "निदान ताठ चालायला तरी शिकलीस."

आज वन्संना हात करून दाखवत होते, सवयीने. मग लक्षात आलं आणि हात खाली घेतला.

२२ ऑगस्ट, मंगळवार

मिस्सातली गीतं ओळीने घेतोय — किरिये झालं, ग्लोरिया अर्धा झाला. डाव्या हाताचं फार कठीण आहे. बास इतका खाली की मला तो वरच्या पट्टीतच गावा लागतो. वन्सं म्हणतात, "पोस्टमन मिसरूड फुटायच्या आधी असाच गात असणार." पोस्टमन म्हणजे आमचा बास. मी इतकी हसले की पुढचा सूर सापडेना.

घरी आले तर हे दारात. "आज पण? दुपारभर माझी बायको असते कुठे?"

"शिकवणीला."

"कुणाची शिकवणी?"

"माझी. वन्संकडे."

हे भिंग पुसत म्हणाले, "म्हणजे ताईने तुला पुन्हा धरली म्हणायची."

"पुन्हा म्हणजे?"

"चहा टाक गं," म्हणाले आणि घड्याळात डोकं घातलं.

२४ ऑगस्ट, गुरुवार

गरम पाण्याच्या गुळण्या. औषधवाल्याने विचारलं, "घसा बसलाय?" म्हटलं, "नाही, उठतोय!"

३१ ऑगस्ट, गुरुवार

आज वन्संनीच सांगितलं. क्रेडो वाचून झाला होता. मी पानं गोळा करत होते.

"डॉक्टर म्हणतात, मधलं जाणार, कडेचं राहणार," म्हणाल्या. बाजारभाव सांगावा तसं. "जिना दिसतो, दार दिसतं. ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं दिसत नाही. तुझं आता कानातलं दिसतं. चेहरा नाही."

मी विचारलं, "कधीपासून?"

"झालं वर्ष. तुला कधी कळलं?"

"मयताच्या गीतापासून."

"हां, ते." हसल्या. "दोन पानांचा आवाज जड येतो. म्हटलं, आज हिने गडबड केली. पुढच्या रविवारी तर पानाचा आवाजच नाही. तू बोलली नाहीस, मग मी कशाला बोलू?"

उपचार चालू आहेत, डोळ्यात इंजेक्शन घेतात. महिन्याला एकट्या जातात! मला म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याला सांगू नकोस. लगेच स्क्रू-ड्रायव्हर घेऊन येईल." मग जरा थांबून, "मास्तरला तर नाहीच. आधी नीट वाजवू दे. मग दिसत नाही म्हणून सांगेन, नाहीतर कीव करून ठेवतील. कीव नको मला. ऑर्गनपुढचा बाक हवाय."

पुढच्या वेळी दवाखान्यात मी बरोबर जाणार. त्यावर भांडल्या. मी ऐकलं नाही.

घरी येऊन आरशासमोर कानातली बदलली. मोठी घातली, चमकणारी.

५ सप्टेंबर, मंगळवार

सांक्तुस पाठ. त्यांचा आणि माझाही!

१० सप्टेंबर, रविवार

मिस्सानंतर बेकरीवालीने जिन्यात गाठलं. "काय गं, ऑर्गनवाल्या नवं काही बसवतायत की नाही? प्रॅक्टिसला तर नुसतं डोकं हलवतात. मास्तर फादरना सांगत होता की कीबोर्ड गाडीत घालून आणतो गुरुवारी. तयारी असलेली बरी म्हणे."

"आणू दे की."

"बाई, तू फार शांत आहेस."

शांत कसली! शेवटच्या पानांचं अजून कच्चं आहे. उद्या दोन वेळा बसायचं.

१४ सप्टेंबर, गुरुवार

सावकाश लिहिते, सगळं राहायला हवं.

माळ्यावर गेलो तर कीबोर्ड ऑर्गनच्या शेजारी मांडलेला, वायर लावून, लाल दिवा चालू. फादर मागच्या खुर्चीवर. वन्सं बाकावर बसल्या, बूट चकचकीत. मी झेरॉक्स लावल्या, सुलट्या, क्रमाने. बाजूला उभी राहिले.

किरिये छान झालं. मास्तरांच्या भुवया वर गेल्या. ग्लोरियात मात्र सोप्रानो वरच्या स्वराला पोचेचनात. बेकरीवालीचा आवाज फाटला, तिच्या मागोमाग सगळ्यांचाच. मास्तरांनी थांबवलं. दुसऱ्यांदाही तेच. कपाळाला हात लावून म्हणाले, "हे एक स्वर खाली घ्यावं लागणार. म्हणजे सगळं नव्याने लिहायचं, नव्या झेरॉक्स... ताई, तुम्हाला एवढ्यात नाही जमायचं. कीबोर्डला एक बटण आहे—"

"डो खाली घेऊ ना?" वन्संनी विचारलं.

"अं?"

त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. भाता मारला आणि एक स्वर खालून सुरू केलं. समोरचं पान आता अगदीच निरुपयोगी होतं. त्यावरचा एकही स्वर त्या वाजवत नव्हत्या! तरी वेळेवर मान हलवली. मी वेळेवर पान उलटलं. आमचा शिस्तीचा कारभार.

मधे एका ठिकाणी गाडी अडली. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची जागा बदललेली, बोटं चुकली. त्या थांबल्या. कॉयर थांबली. मास्तरांचा हात बटणाकडे गेला, मी पाहिलं.

आणि मी गायले. "मी, फा, सो—" आल्टोची ओळ, मोठ्याने, बिजागरीच्या आवाजात, सगळ्यांसमोर. ठरवलं नव्हतं. तोंडातून निघूनच गेलं.

वन्संची बोटं लगेच जागेवर गेली. पुढचं सगळं सरळ.

संपल्यावर बेकरीवाली म्हणाली, "अगं बाई, ही गाते?"

पोस्टमन म्हणाला, "गाते म्हणजे? आल्टोत होती ती. तू यायच्या आधी."

मास्तर वन्संकडे बघत होते, मग पानांकडे, मग पुन्हा वन्संकडे. हुशार आहे पोरगा. जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, पान न बघता?"

वन्सं त्यांच्या कानाच्या दिशेने बघत म्हणाल्या, "दिसत नाही मला, मास्तर. वर्ष झालं. आता सांगायला हरकत नाही."

फादर उठून आले. काय बोलतात म्हणून मी स्टँड घट्ट धरला होता. त्यांनी विचारलं, "नवीन काही बसवायचं झालं तर?"

"ही वाचते. मी बसवते," वन्सं म्हणाल्या. "वेळ लागतो. महिनाभर आधी द्या."

मास्तरांनी वाकून कीबोर्डची वायर काढली. स्वतःहून. "मी पट्टी आधीच खाली घ्यायला हवी होती," म्हणाले. "चूक माझी."

फादर सभ्यपणे म्हणाले, "भात्याचं कोण बघतं आपल्याकडे?"

१५ सप्टेंबर, शुक्रवार

घसा पूर्ण बसला. हे म्हणतात, घरात किती शांतता!

वन्संनी यांना डोळ्यांचं स्वतःच सांगितलं. हे खरंच लगेच उठले आणि त्यांच्या गॅसच्या बटणांवर, कपाटाच्या किल्ल्यांवर हाताला लागतील अशा खुणा करून आले. चेहरा पाडून बसले होते परत आल्यावर. मी पाठीवर हात ठेवला.

१ ऑक्टोबर, रविवार

पंचाहत्तरी पार पडली. बिशप स्वागताच्या भाषणाला पेंगले, ग्लोरियाला जागे झाले. सोप्रानो पोचल्या. मी आल्टोच्या ओळी हळू गात होते, त्यात एकदा वन्संची मान चुकवली, तर त्यांनी कोपर मारलं! "गाणं बंद कर आणि काम कर," ओठांतल्या ओठांत.

शेवटच्या गीताला यांनी मान वर करून माळ्याकडे पाहिलं. खालून कधी कुणी वर बघत नाही. इतक्या वर्षांत मला यांचं फक्त टक्कल दिसायचं. आज तोंड दिसलं. हसत होते.

४ ऑक्टोबर, बुधवार

हे भिंतीवरचं घड्याळ उघडून बसले होते. मी भाजी निवडत होते. म्हटलं, "वन्संना आता पुस्तकं लागत नाहीत. मी आपली शोभेला उभी."

"कधी लागली होती?" भिंग डोळ्याला तसंच. "लहानपणी दिवे गेले की बाबा तिला मुद्दाम वाजवायला बसवायचे. एकदा वाजवलं की डोक्यात. पुन्हा पान बघताना मी तिला कधी पाहिलं नाही."

"मग माझ्या ऑपरेशननंतर? ते पुस्तक पडलं तेव्हा?"

"पडलं?" हे म्हणाले. "अगं, आदल्या दिवशी येऊन सांगून गेली होती मला. म्हणाली, उद्या तिला खांबाकडे सरकव, मला शेजारची जागा मोकळी हवी. नेम चुकला तर तुझी बायको जायची."